सॉफ्टवेअर-प्रलेखन

सॉफ्टवेअर-प्रलेखन : संगणकाच्या आज्ञावलीची रचना, उभारणी, उपयोग व मर्यादा आणि तिच्यात वेळोवेळी झालेले बदल यांविषयीच्या लिखित माहितीच्या सुसंघटित संग्रहास सॉफ्टवेअर-प्रलेखन म्हणतात. आज्ञावली लिहिणारा व ती वापरणारा यांची प्रत्यक्ष गाठ क्वचितच पडते. ज्या खुल्या प्रकल्पात निरनिराळ्या देशांतील लोक स्वेच्छेने भाग घेतात, त्यात तर दोन लेखकांचीही गाठ पडत नाही. त्यामुळे एकाला कळलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम प्रलेखनालाच करावे लागते. हे प्रलेखन ज्या साधनाने तयार होते, ते साधन मात्र कायम राहत नाही. बदलानंतर मजकूर जागच्या जागी असतो; पण त्यापासून वाचनीय पृष्ठे तयार करण्याची रीत बदललेली असते आणि ती सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. साधन बदलल्यानंतर प्रलेखन स्वतःच्या संगणकावर बांधता येणे, म्हणजेच त्याची स्थानिक बांधणी, हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे.

मूळ संहिता व निर्मित रूप : बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरणाचा वेदान्तविषय एका लांबलचक कापडावर लिहून ठेवला. ही रचना ‘पासोडी’ या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे लिहिलेली वस्तू व वाचावयाची वस्तू एकच आहे. कापड उलगडले व अक्षरओळख असली की वाचन सुरू होते. सॉफ्टवेअर-प्रलेखनात या दोन वस्तू वेगळ्या असतात. लेखक साध्या मजकुराच्या फायली लिहितो आणि त्यांत शीर्षक, यादी, आज्ञावलीचा उतारा, दुवा इ. गोष्टी ठराविक खुणांनी दर्शवितो. या पद्धतीस चिन्हांकन म्हणतात. बांधणीचे साधन या फायली वाचते, त्यांचे परस्परसंबंध जुळविते, अनुक्रमणिका व सूची तयार करते आणि ब्राउझरमध्ये दिसणारी एचटीएमएल पृष्ठे किंवा छपाईयोग्य पीडीएफ पुस्तिका निर्माण करते. एकाच मूळ संहितेपासून अशी अनेक रूपे मिळतात. निर्मित रूप नष्ट झाले, तरी ते पुन्हा तयार करता येते, या विश्वासाने प्रकल्पाच्या भांडारात बहुधा मूळ संहिताच जतन केली जाते. हा विश्वास साधन हाताशी असेपर्यंतच खरा ठरतो.

इतिहास : बेल प्रयोगशाळेतील युनिक्स या प्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झाली. तिच्या मांडणीसाठी रॉफ हे साधन वापरले होते. डॉनल्ड क्नूथ यांचे टेक हे अक्षरजुळणीचे साधन १९७८ मध्ये पुढे आले आणि त्यावर आधारलेले लेस्ली लॅम्पोर्ट यांचे लाटेक १९८० नंतरच्या दशकात विद्यापीठांत रूढ झाले. आज्ञावली व तिचे स्पष्टीकरण एकाच संहितेत गुंफावे, ही कल्पना क्नूथ यांनी १९८४ मध्ये मांडली. तिचे एक सौम्य रूप म्हणजे आज्ञावलीतील टिपांपासून आपोआप संदर्भपुस्तिका तयार करणारी जावाडॉक व डॉक्सिजन ही साधने होत. तांत्रिक ग्रंथांसाठी १९९१ मध्ये डॉकबुक ही काटेकोर पण शब्दबंबाळ चिन्हांकनपद्धती निघाली. तिला कंटाळलेल्या लेखकांनी हलक्या पद्धती शोधल्या. अ‍ॅस्कीडॉक, रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट व जॉन ग्रुबर यांची मार्कडाउन (२००४) या त्यांपैकी प्रमुख होत. या पद्धतींतील मूळ फाईल कोणत्याही साधनावाचून डोळ्यांनी सरळ वाचता येते, हा त्यांचा मोठा गुण आहे.

पायथॉनचे उदाहरण : साधनबदलाचे सर्वांत परिणामकारक उदाहरण पायथॉन या संगणकभाषेच्या प्रलेखनाचे आहे. खीदो व्हान रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केली. तिचे प्रलेखन सुरुवातीपासून लाटेकमध्ये लिहिले जात असे व त्याचे एचटीएमएल रूप लाटेकटूएचटीएमएल या पर्ल भाषेतील साधनाने काढले जात असे. छापील पान देखणे निघे. पण ते काढण्यासाठी संगणकावर टेकचा मोठा संच आणि पर्ल अशी दोन्ही सामग्री नीट बसवावी लागे. पायथॉन जाणणाऱ्या अनेकांना लाटेक येत नसे. एखाद्या वाक्यातील चूक दिसली, तरी ती दुरुस्त करून पृष्ठ कसे दिसते हे पाहणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. परिणामी दुरुस्ती सुचविणारे अनेक आणि ती संहितेत बसविणारे थोडे, अशी स्थिती निर्माण झाली.

गेओर्ग ब्रान्डल यांनी २००७ मध्ये हे सर्व प्रलेखन रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये रूपांतरित केले आणि त्यासाठी पायथॉनमध्येच नवे साधन लिहिले. हे साधन मार्च २००८ मध्ये स्फिंक्स या नावाने स्वतंत्रपणे प्रसृत झाले. ऑक्टोबर २००८ मधील पायथॉन २.६ व डिसेंबर २००८ मधील पायथॉन ३.० यांचे प्रलेखन त्यावर बांधलेले आहे. ज्याच्या संगणकावर पायथॉन आहे त्याला प्रलेखन बांधता यावे, ही या बदलामागील खरी गोष्ट होती. पृष्ठांचे नवे रूप हा तिचा दुय्यम लाभ म्हणावा लागेल. स्फिंक्स पुढे इतर असंख्य प्रकल्पांनी स्वीकारले. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेल्या मायावी या त्रिमितीय चित्रणाच्या आज्ञावलीचे प्रलेखनही स्फिंक्सने तयार होते.

लिनक्सचे उदाहरण : लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचे प्रलेखन काही साध्या मजकुराच्या फायलींत व काही डॉकबुकमध्ये विखुरलेले होते. डॉकबुकची बांधणी वेळखाऊ असून तिच्यासाठी लागणारी साधने अनेकांच्या संगणकावर नीट चालत नसत. २०१६ च्या आरंभी अ‍ॅस्कीडॉक-पद्धतीचा पर्याय पुढे आला होता. त्यावर चर्चा होऊन अखेरीस स्फिंक्सची निवड झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये प्रसृत झालेल्या ४.८ या आवृत्तीपासून हा बदल अमलात आला आणि जुन्या फायलींचे रूपांतर पुढे टप्प्याटप्प्याने चालू राहिले. या संक्रमणात एक शहाणपणाची गोष्ट करण्यात आली. प्रलेखन बांधण्याची ‘मेक एचटीएमएलडॉक्स’ ही आज्ञा पूर्वीचीच ठेवली. तिच्या पोटात चालणारे साधन तेवढे बदलले. शिवाय बांधणीपूर्वी संगणकाची तपासणी करून कोणता संच बसवावयाचा राहिला आहे ते सांगणारी एक छोटी आज्ञावलीही नंतर जोडण्यात आली. फ्रीबीएसडी या प्रणालीने जानेवारी २०२१ मध्ये डॉकबुक सोडून अ‍ॅस्कीडॉक्टर व ह्यूगो ही साधने स्वीकारली. तेथेही हेतू साधारण असाच होता.

स्थानिक बांधणीची रीत : प्रकल्पाची मूळ संहिता प्रथम आपल्या संगणकावर उतरवून घेतात. बांधणीसाठी लागणारे संच इतर कामांच्या संचांत मिसळू नयेत, म्हणून त्यांच्याकरिता एक वेगळा कप्पा तयार करतात. पायथॉनच्या परिभाषेत त्यास आभासी पर्यावरण म्हणता येईल. प्रलेखनाच्या फोल्डरमध्ये आवश्यक संचांची यादी असलेली फाईल असते. ती वाचून साधन, त्याची विस्तारके व पृष्ठांचा साज ठरविणारा संच ही सर्व सामग्री त्या कप्प्यात बसते. त्यानंतर बांधणीची आज्ञा दिली की साधन एकेक फाईल वाचत जाते व जेथे दुवा तुटला असेल, शीर्षकाखालची रेघ आखूड पडली असेल किंवा एखादे प्रकरण अनुक्रमणिकेत घातलेले नसेल, तेथे फाईलचे नाव व ओळीचा क्रमांक देऊन इशारा देते. अखेरीस निर्मित पृष्ठे एका ठराविक फोल्डरमध्ये जमा होतात. पायथॉनच्या स्वतःच्या प्रलेखनात हे सर्व ‘मेक व्हेन्व्ह’ व ‘मेक एचटीएमएल’ या दोन आज्ञांत उरकते.

इशारे वाचणे हे या कामातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत टाळले जाणारे अंग आहे. इशारा आला तरी पृष्ठ तयार होतेच. म्हणून लेखक पुढे जातो आणि काही महिन्यांत इशाऱ्यांची संख्या इतकी वाढते, की नवा इशारा जुन्यांत हरवतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक इशारा ही चूक मानून बांधणी थांबविण्याची सोय स्फिंक्समध्ये आहे. साधन नुकतेच बदलले असता ती प्रथम बंद ठेवून, जुने दोष काढून झाल्यावर सुरू करणे इष्ट ठरते.

साधनबदलानंतरच्या अडचणी : पहिली अडचण बहुधा लेखी सूचनांची असते. प्रलेखन कसे बांधावे हे सांगणारे पान प्रकल्पात असते. पण ते जुन्या साधनाविषयी असते आणि साधन बदलणाऱ्यांना नवी रीत पाठ असल्याने ते पान सुधारण्याची त्यांना निकड वाटत नाही. नवखा माणूस नेमके तेच पान उघडतो. तो जुनी आज्ञा देतो, ती चालत नाही आणि दोष आपल्याच संगणकात आहे असे समजून तो काम सोडतो. प्रकल्पाच्या दृष्टीने ही हानी दिसत नाही, कारण निघून गेलेला माणूस तक्रार नोंदवीत नाही.

दुसरी अडचण अवशेषांची होय. बांधणी जलद व्हावी म्हणून साधन आधी वाचलेल्या फायलींचा साठा ठेवते व बदललेल्या फायलीच पुन्हा बांधते. मूळ संहितेतून काढून टाकलेल्या प्रकरणाचे पृष्ठ निर्मित फोल्डरमध्ये तसेच राहते. नवे प्रकरण घातले, तर बदल न झालेल्या पृष्ठांच्या कडेची अनुक्रमणिका जुनीच दिसू शकते. जुन्या व नव्या साधनांची पृष्ठे एकाच फोल्डरमध्ये पडली तर गोंधळ अधिकच वाढतो. अशा वेळी निर्मित फोल्डर पूर्णपणे रिकामे करून बांधणी नव्याने करणे हाच सरळ उपाय होय; आपण केलेला बदल दिसत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

तिसरी अडचण चिन्हांकनाच्या सूक्ष्म भेदांतून येते. आज्ञावलीतील शब्द वेगळा दाखविण्यासाठी मार्कडाउनमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंस एकेरी उलटे अवतरणचिन्ह घालतात. रिस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये ते दुहेरी घालावे लागते. एकेरी चिन्ह तसेच राहिले, तर शब्द केवळ तिरपा दिसतो, साधन कोणताही इशारा देत नाही आणि चूक वाचकाच्या नजरेस येईपर्यंत टिकून राहते. एमकेडॉक्स या मार्कडाउनवर चालणाऱ्या साधनात उपयादीसाठी ओळ चार जागा आत सरकवावी लागते; मार्कडाउनच्या इतर काही प्रकारांत दोन जागा पुरतात. त्यामुळे एका साधनात नीट दिसणारी यादी दुसऱ्यात सपाट होते. पॅनडॉकसारखी रूपांतरके नव्वद भाग काम बिनचूक करतात असे मानले, तरी उरलेल्या दहा भागांत तक्ते, तळटिपा आणि प्रकल्पाने स्वतः रचलेल्या खास खुणा असतात आणि तेथे माणसाने पान उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. स्थानिक बांधणीचे खरे प्रयोजन हेच आहे.

चौथी अडचण आवृत्त्यांची. प्रलेखनाचे साधन स्वतः अनेक लहान संचांवर उभे असते आणि ते संच स्वतंत्रपणे बदलत असतात. स्फिंक्स पृष्ठांचे साचे भरण्यासाठी जिंजा हा संच वापरते. मार्च २०२२ मध्ये प्रसृत झालेल्या जिंजाच्या ३.१ या आवृत्तीतून काही जुन्या सोयी काढून टाकण्यात आल्या आणि स्फिंक्सच्या जुन्या आवृत्त्यांवर अवलंबून असलेल्या अनेक प्रकल्पांची बांधणी एकाएकी थांबली. त्या प्रकल्पांच्या प्रलेखनात एक अक्षरही बदललेले नव्हते. ज्यांनी आवश्यक संचांच्या यादीत प्रत्येक संचाची नेमकी आवृत्ती नोंदविली होती, त्यांना याची झळ लागली नाही. यादीत केवळ संचाचे नाव लिहिणे म्हणजे उद्या जे मिळेल ते चालेल, असे मान्य करणे होय.

आज्ञावलीतील टिपा आपोआप उचलणाऱ्या प्रलेखनाची आणखी एक अट असते. या टिपा वाचण्यासाठी स्फिंक्सचे संबंधित विस्तारक ती आज्ञावली प्रत्यक्ष चालू करून पाहते. म्हणजे केवळ पुस्तिका बांधावयाची असली, तरी आज्ञावली व ती ज्यांवर अवलंबून आहे ते सर्व संच संगणकावर असावे लागतात. वैज्ञानिक आज्ञावलींच्या बाबतीत हे संच आकाराने अवजड असतात. यातून मार्ग म्हणून न मिळणाऱ्या संचांच्या जागी पोकळ प्रतिकृती मानून चालण्याची सोय ठेवलेली आहे. तिचा वापर केल्यास काही टिपा अपुऱ्या उतरण्याचा धोका पत्करावा लागतो.

दूरस्थ बांधणी व इंटरनेटवरील अवलंबन : २०१० मध्ये सुरू झालेल्या रीड द डॉक्ससारख्या सेवांनी बांधणीचे काम दूरच्या संगणकावर नेले. लेखकाने बदल पाठविला की तेथे पृष्ठे तयार होऊन प्रसिद्ध होतात. ही सोय मोठी आहे. तथापि तिच्यामुळे बांधणीची रीत लेखकाच्या हातून सुटते. सप्टेंबर २०२३ पासून या सेवेने प्रत्येक प्रकल्पात बांधणीचे तपशील सांगणारी फाईल असणे सक्तीचे केले. ज्या प्रकल्पांची देखरेख करणारे कोणी उरले नव्हते, त्यांची नवी बांधणी त्यामुळे बंद पडली. ज्यांच्या भांडारात स्थानिक बांधणीची रीत शाबूत होती, त्यांना ही फाईल लिहिणे थोड्या वेळाचे काम होते.

इंटरनेट सदैव उपलब्ध असते, हे गृहीतही सर्वत्र लागू नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड जिल्ह्यात हिंसक वळण लागल्यानंतर संचारबंदीबरोबर इंटरनेट सेवाही तात्पुरती बंद करण्यात आली. अशा काळात जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याच्या संगणकावर आज्ञावली चालू असली, तरी तिचे प्रलेखन दूरच्या सर्व्हरवर असल्यास ते त्याला मिळू शकत नाही. प्रलेखन आधीच बांधून ठेवलेले असेल, तर त्याचे वाचन व लेखन दोन्ही चालू राहतात. केवळ सेवाबंदीतच नव्हे, तर मोबाइलच्या मोजक्या डेटावर काम भागविणाऱ्यालाही हा फरक रोज जाणवतो.

मात्र स्थानिक बांधणी आणि इंटरनेटशिवाय बांधणी या दोन गोष्टी एक नव्हेत. संच बसविताना ते जाळ्यावरून उतरवून घ्यावे लागतात. यावर उपाय असा, की जेथे चांगली जोडणी आहे तेथे सर्व संच एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यावेत, ते पेन ड्राइव्हवरून आणावेत आणि पायथॉनच्या पिप या साधनास जाळ्याकडे न जाता त्याच फोल्डरमधून संच बसविण्यास सांगावे. दोन्ही संगणकांवरील प्रणाली व पायथॉनची आवृत्ती एकच असावी लागते. अन्यथा आणलेले काही संच बसत नाहीत. दुसऱ्या प्रकल्पांच्या प्रलेखनाशी दुवे जोडणारे स्फिंक्सचे विस्तारक बांधणीच्या वेळी त्या प्रकल्पांच्या सूची जाळ्यावरून मागविते; त्या न मिळाल्यास इशारा येतो आणि इशारा ही चूक मानण्याची सोय सुरू असेल तर बांधणीच थांबते. या सूचींच्या प्रतीही आधी उतरवून ठेवता येतात.

बांधणी पुरी झाल्यावरही काही धागे जाळ्याशी जोडलेले राहतात. गणिती सूत्रे दाखविणारा मॅथजॅक्स हा संच स्फिंक्सची पृष्ठे सर्वसाधारणपणे दूरच्या सर्व्हरवरून मागवितात. जोडणी नसेल तर सूत्राऐवजी त्याचे कच्चे चिन्हांकन दिसते. एमकेडॉक्सचा मटीरियल हा लोकप्रिय साज आपले टंक गूगलच्या सर्व्हरवरून आणतो. या गोष्टींच्या प्रती प्रकल्पातच ठेवण्याची सोय असते, पण ती जाणीवपूर्वक वापरावी लागते. इंटरनेट बंद करून पृष्ठे एकदा उघडून पाहिली, की असे सर्व धागे उघडे पडतात.

निर्मित पृष्ठे पाहण्याच्या रीतीतही साधनांत भेद आहे. स्फिंक्सचे पृष्ठ फाईलवर दोनदा टिचकी मारून उघडता येते व त्यातील शोधही चालतो. एमकेडॉक्सची पृष्ठे तशी उघडल्यास दुवे पृष्ठाऐवजी फोल्डरकडे नेतात आणि शोध चालत नाही, कारण शोधसूची सर्व्हरकडून मिळेल अशी त्यांची रचना असते. त्यासाठी संगणकावरच एक छोटा सर्व्हर सुरू करून ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा स्वतःचाच पत्ता द्यावा लागतो. स्फिंक्सकडून एमकेडॉक्सकडे वळलेल्या प्रकल्पांत नवे साधन बिघडलेले आहे, असा समज प्रथमदर्शनी होतो तो यामुळेच. या सर्व्हरला इंटरनेट लागत नाही. फाईल जतन करताच पृष्ठ आपोआप ताजे होते, हा त्याचा विशेष फायदा आहे.

मराठी मजकुराचे विशेष प्रश्न : युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फाँटच्या सांकेतिक क्रमांकांत लिहिला जाई. फाँट बदलला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. असा मजकूर कोणत्याही आधुनिक साधनात नेण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. युनिकोडमधील मजकुरासही विंडोज प्रणालीवर अडथळा येतो. फाईल कोणत्या संकेतनात वाचावी हे रूपांतर करणाऱ्या छोट्या आज्ञावलीत स्पष्ट लिहिले नसेल, तर तेथील पायथॉन दीर्घकाळ स्थानिक पाश्चात्त्य संकेतन गृहीत धरीत आला आहे. परिणामी लिनक्सवर नीट चालणारे रूपांतर विंडोजवर पहिल्याच देवनागरी अक्षराशी अडखळते.

पीडीएफ पुस्तिका काढताना स्फिंक्स सामान्यतः पीडीएफलाटेक वापरते. देवनागरीच्या आधुनिक टंकांसाठी त्याऐवजी झीलाटेक निवडावे लागते आणि देवनागरी टंकाचे नाव सेटिंगच्या फाईलमध्ये द्यावे लागते. लोहित ही टंकमालिका, तसेच मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्त हा टंक, असे खुल्या परवान्याचे पर्याय उपलब्ध आहेत. टंकाबरोबर लिपी देवनागरी असल्याचे सांगितले नाही, तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर पडते व जोडाक्षरे फुटतात. भाषा मराठी असल्याचे सांगितले, तर ल व श यांची मराठी वळणे ज्या टंकांत आहेत, त्यांत ती उमटतात.

शोधाचा प्रश्न अधिक कठीण आहे. स्फिंक्सची शोधसूची शब्द वेगळे काढण्यासाठी पायथॉनमधील नमुनाशोधाच्या ज्या नियमाचा आधार घेते, तो नियम स्वरचिन्हांना शब्दाचा भाग मानीत नाही. ‘मराठी’ हा शब्द त्याच्या दृष्टीने ‘मर’ व ‘ठ’ असा तुटतो. शिवाय शब्दाच्या विभक्तिरूपांतून मूळ शब्द ओळखण्याची सोय ज्या भाषांसाठी स्फिंक्समध्ये आहे, त्यांत मराठी नाही. ‘फायलीत’ असा शोध घेतल्यास ‘फाईल’ या शब्दाची पृष्ठे मिळण्याची अपेक्षा करता येत नाही. मराठी प्रलेखनास म्हणून हाताने केलेली सूची जोडणे अद्याप उपयोगाचे आहे.

भाषांतराची व्यवस्था मात्र चांगली आहे. मूळ प्रलेखनातील परिच्छेद स्फिंक्स एका वेगळ्या फाईलमध्ये काढून देते. भाषांतरकार प्रत्येकाखाली मराठी मजकूर लिहितो. भाषा मराठी ठेवून बांधणी केली की भाषांतरित परिच्छेद मराठीत व उरलेले मूळ भाषेत असे पृष्ठ तयार होते. काम अर्धे असतानाही ते वाचता येते. मूळ परिच्छेद पुढे बदलला, तर त्याचे भाषांतर संशयित म्हणून वेगळे नोंदले जाते. चिन्हांकनाचे साधन बदलल्यास मात्र परिच्छेदांतील खुणा बदलून हजारो भाषांतरे एकदम संशयित ठरू शकतात. म्हणून भाषांतर चालू असलेल्या प्रकल्पाने साधन बदलण्याचा निर्णय भाषांतरकारांना विचारून घेणे आवश्यक असते. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते.

जुन्या रूपांचे जतन : लेखनाचे साधन मागे पडले व ते जाणणारे उरले नाहीत, तर शाबूत कागदही मुका होतो, याचा अनुभव मराठवाड्याला संगणकाबाहेरही आलेला आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व तेथील राज्यकारभार उर्दूत चाले. मराठी नोंदींसाठी मोडी लिपीचा वापर होता. पुढे शाळा व कचेऱ्यांतून मोडी गेली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जुन्या दप्तरांच्या वाचनासाठी मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची गरज भासली. ज्यांच्या दाखल्याचा हक्क या कागदांतील एखाद्या शब्दावर ठरणार होता, त्यांना तो कागद असूनही दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहावे लागले.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात यावर दुहेरी तजवीज केली जाते. मूळ संहितेबरोबर बांधणीच्या साधनाची नेमकी आवृत्ती व रीत नोंदवून ठेवतात; आणि ज्या आवृत्तीची बांधणी पुन्हा होण्याचा संभव नाही, तिची निर्मित पृष्ठेच जपून ठेवतात. २००६ मध्ये प्रसृत झालेल्या पायथॉन २.५ चे प्रलेखन स्फिंक्समध्ये रूपांतरित न करता लाटेकपासून काढलेल्या जुन्या पृष्ठांच्या रूपातच पायथॉनच्या संकेतस्थळावर ठेवलेले आहे. त्या पृष्ठांची मांडणी आजच्यापेक्षा वेगळी असली, तरी ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतात.